हिरव्या खडूची खूण

५ फेब्रुवारी

दादा,

अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील, तर आधी वाच आणि मग फाड. अकरा वर्षांत पहिलंच आहे.

बाबांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, वाचा गेली, हे मला गेल्या आठवड्यात, इकडे कामाला आलेल्या आपल्या गल्लीतल्या बॅटरीवाल्या काकांकडून कळलं. चार महिने झाले म्हणे. तुला एक ओळ खरडावीशी वाटली नाही? फोन केला तर वहिनी ‘थांब हं’ म्हणाली आणि मग कुणीतरी फोन ठेवून दिला. कुणी ते मला माहीत आहे आणि तुलाही.

काका म्हणाले, डॉक्टरांनी फार दिवस धरू नका असं सांगितलंय. मला बाबांना भेटायचंय. ते माणसं ओळखतायत तोवर भेटायचंय.

तू म्हणशील, मग ये की. नाही येता येत. माझ्या हातच्या वायरिंगने गिऱ्हाइकाची जीप जळाली, त्या दिवशी बाबा काय म्हणाले ते तू शेजारी उभा राहून ऐकलंयस. ‘तुझ्या कामाच्या फोटोवर मी हिरवी खूण केली, की या दारात ये. तोवर तोंड दाखवू नकोस.’ आपल्या गॅरेजची रीतच ती. काम झालं की फोटो काढायचा, बाबांपुढे धरायचा. चुकलं असेल तिथे लाल मेणखडूची फुली, सगळं बरोबर असेल तर हिरवी खूण, आणि हिरवी पडल्याशिवाय गाडी बाहेर नाही. मी तशीच आले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, तर ते मला सोसणार नाही.

म्हणून मी पुन्हा वायरला हात लावतेय. माझ्या पंक्चर काढायच्या धंद्यासाठी नवी पिकअप घेतलीय. तिच्यात हवेचा मोठा कॉम्प्रेसर, मागे उजेडाला दोन दिवे आणि टपावर एक फिरता दिवा बसवायचाय. सगळं मी एकटी करणार आणि फोटो पाठवणार. बाबांचा डावा हात चालतो असं काका म्हणाले. तू फोटो त्यांच्यासमोर धर आणि खडू हातात दे. बाकी काही मागत नाही.

तुझी,
ठिणगी

१२ फेब्रुवारी

ठिणगीबाई,

हे नाव बाबांनी लाडाने ठेवलं होतं. जीप जळाल्यावर ते सगळ्या गल्लीला पटलं.

तुला कळवून काय होणार होतं? येऊन त्यांचं अंग पुसणार होतीस? ते मी पुसतो. पहाटे कूस बदलायची, चमच्याने भरवायचं, ओठाच्या कडेने ओघळलेलं टिपायचं, मग चादर पिळून वाळत घालायची आणि गॅरेज उघडायचं. भेटायला काय, कुणीही येतं. भेटणारे पाच मिनिटं बसतात आणि डोळे पुसत जातात.

फोटो पाठव. काय दिवे लावतेस ते मलाही बघायचंय. फोन करू नकोस, घंटी वाजली की ते दचकतात. मोबाइलवर फोटो धाडू नकोस, काचेवर खडू उमटत नाही.

आणि हल्लीच्या गाड्या तू चाकांकडूनच बघितल्या असशील. बॉनेटखाली आता कॉम्प्युटर बसलेत. जीप बिचारी जुनी होती म्हणून एका जळण्यावर भागलं.

दादा

२१ फेब्रुवारी

दादा,

टोमणे पोचले. फोटो सोबत आहे.

बाबांना वाचून दाखव. आधी बॅटरीचं मायनस काढलं, वीस मिनिटं गाडी तशीच सोडली. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींच्या आसपास फिरकले नाही. कंपनीची एकही वायर कापली नाही, सोलली नाही. पूर्वी आपण वाटेल त्या वायरीला चिमटा मारून करंट घ्यायचो. या गाडीत त्या वायरी कॉम्प्युटरशी बोलतात, म्हणून तो मोह टाळला. दिव्यांना रिले घातलेत, म्हणजे बटणातून जातो तो इशारा आणि खरा करंट बाहेरून जातो. कॉम्प्रेसरला अंगठ्याएवढी जाड वायर. अर्थ, म्हणजे करंट परत जायची वायर, थेट बॅटरीच्या मायनसला घट्ट आवळलाय. मोठा फ्यूज केबिनमध्ये माझ्या सीटखाली, बदलायला सोपा.

अकरा वर्षांनी हातात पक्कड धरली. जळक्या रबराचा वास आपोआप नाकात यायला लागला. दोनदा काम टाकून अंगणात जाऊन बसले. पण केलं.

बाबा कसे आहेत? माझं नाव निघतं का?

ठिणगी

१ मार्च

ठिणगी,

नाव कसं निघेल? वाचा गेलीय हे तूच लिहिलं होतंस.

फोटो परत पाठवतोय. नीट बघ. दोन फुल्या आहेत. पाऊण तास फोटो छातीवर धरून बघत होते, मग बोटाने लाल दाखवला. खडू दोनदा हातातून पडला, दुसऱ्यांदा मोडला. अर्ध्या तुकड्याने फुल्या मारल्यात, म्हणून त्या कोंबडीने पाय उठवल्यासारख्या दिसतात.

एक फुली सीटखालच्या फ्यूजवर. हे मीसुद्धा सांगितलं असतं. बॅटरीपासून तुझ्या सीटपर्यंत दोन मीटर वायर बिनफ्यूजची पळतेय. वाटेत कुठे पत्र्याला घासली तर फ्यूज बसेल मजा बघत. जीप अशीच गेली ना? अकरा वर्षं फुकट गेली तुझी.

दुसरी फुली मायनसवर आहे. तिचं तुझं तू बघ.

डॉक्टर काल येऊन गेले. त्यांनी मान हलवली, तीही उभी नाही.

दादा

९ मार्च

दादा,

दुसऱ्या फुलीने मला चार दिवस छळलं. मायनसवर काय चुकलं? शेवटी गाडीचं जाडजूड पुस्तक घेऊन बसले आणि सापडलं. या गाडीत बॅटरीच्या मायनसवर काडेपेटीएवढा सेन्सर आहे. बॅटरीतून किती गेलं, किती आलं ते तो मोजतो आणि त्यावरून गाडी चार्जिंग ठरवते. मी अर्थ थेट त्या टोकाला जोडला, म्हणजे माझ्या कॉम्प्रेसरचा करंट मोजमापाच्या बाहेरून गेला. बॅटरी रिकामी होत राहणार आणि गाडीला पत्ताच नाही. अर्थ बॉडीला द्यायला हवा, सेन्सरच्या पलीकडे.

म्हणजे बाबा पडायच्या आदल्या महिन्यापर्यंत नव्या गाड्यांची पुस्तकं वाचत होते! तू त्यांना हसायचास ना, म्हातारपणी परीक्षेला बसताय का म्हणून?

आता रंग खरवडून, लखलखीत पत्र्यावर, चॅसिसच्या बोल्टला अर्थ दिलाय. मोठा फ्यूज बॅटरीपासून एका वितीवर आणला. फ्यूज यंत्राला नाही, वायरला वाचवतो, हे बाबांचं वाक्य काम करताना तोंडाने म्हणत होते. कॉम्प्रेसर पंधरा मिनिटं चालवून सगळ्या वायरीवरून तळहात फिरवला. कुठेच गरम नाही.

फोटो सोबत. या वेळी होईल असं वाटतंय. बॅग भरून ठेवलीय.

ठिणगी

२३ मार्च

ठिणगी,

उशीर झाला, काम होतं.

फोटो बाबांच्या हातात दिला आणि त्यांच्या हातून त्यावर पाणी सांडलं. खराब झाला. खूण वगैरे काही केली नाही. दुसरी प्रत असली तर पाठव.

बॅग उपसून ठेव, कपडे चुरगळतील.

दादा

२६ मार्च

दादा,

प्रत सोबत आहे. तासाभरात काढून टपालात टाकतेय. हात जोडते, या वेळी फोटोखाली पाट धर आणि पाण्याचा पेला लांब ठेव. एक दिवससुद्धा घालवू नकोस. दाराशी गाडीचा आवाज आला की माझे कान टवकारतात, तुझं पत्र आलं असं वाटतं.

बाबांना सांग, मी निघायच्या तयारीत आहे. त्यांना ऐकू येतं ना? कानाशी लागून सांग.

ठिणगी

९ एप्रिल

ठिणगी,

फोटो परत. लाल फुली केबिनच्या पत्र्यातल्या भोकावर आहे. वायर जिथून आत घेतलीस तिथे रबरी बुश दिसत नाही. पत्र्याची धार आठ महिन्यांत वायर कापेल. मागच्या दिव्यांच्या वायरीलाही चिकटपट्ट्या कमी आहेत, लोंबतेय.

अजून बरंच शिकायचंय तुला.

दादा

१५ एप्रिल

दादा,

बुश आहे रे! काळ्यावर काळं म्हणून दिसला नसेल. तरी त्याच्याभोवती पांढरा रंग लावून जवळून फोटो काढलाय. पट्ट्या वितीवितीवर बांधल्यात.

पण दादा, मी पाकीट उघडलं आणि ओरडलेच. फुली बघितलीस? एका दमात मारलेली, दोन सरळ रेघा, खडू कुठे अडखळला नाही. पहिल्या फोटोवरच्या फुल्या आणि ही, शेजारी ठेवून दहा वेळा बघितल्या. बाबांचा हात सुधारतोय! तू एका अक्षराने लिहिलं नाहीस, खडूस तो खडूसच राहिलास. मी शेजारच्या शिंपीणबाईला नेऊन दाखवल्या. तीही म्हणाली, माणूस उभारी धरतोय. कालपासून मी टायर उचलतेय ते उशी उचलल्यासारखे.

इतके दिवस तुझा राग करत होते. तू त्यांचं करतोस म्हणून तर हात सुधारला, हेही खरंच. परवा पहिल्यांदा तुझ्यासाठी डोळ्यांत पाणी आलं.

आता घाई नाही असं मनाला सांगतेय. हिरवी मिळवूनच येईन.

ठिणगी

२६ एप्रिल

ठिणगी,

हो. आता त्यांना कसलाच त्रास नाही.

फोटो परत. आता फुली बॉडीच्या अर्थवर आहे. एवढ्या मोठ्या कॉम्प्रेसरला बॉडीचा अर्थ पुरेल का? बोल्टला गंज धरला की काम संपलं. अर्थ सरळ बॅटरीच्या मायनसला आण, घट्ट आवळ आणि पुन्हा फोटो पाठव. लहानपणापासून शिकवलंय हे.

खडूस म्हणालीस. ठीक.

दादा

३ मे

दादा,

पत्र तीनदा वाचलं.

बॅटरीच्या मायनसवर बाबांनीच फुली मारली होती. पहिल्या फोटोवर, मोडक्या खडूने. का मारली ते मी तुला लिहून कळवलं होतं. ज्या माणसाने पाच महिन्यांच्या आजारपणात, एका हाताने, ती चूक पकडली, तो दोन महिन्यांनी तीच चूक करायला सांगणार नाही. बाबा पडतील, मुके होतील, पण असं सांगणार नाहीत.

हे सांगणारा तू आहेस. तुला जुन्या गाड्या येतात. सेन्सर तुला तेव्हाही कळला नव्हता, म्हणून तर ‘तुझं तू बघ’ लिहिलंस.

सरळ रेघांच्या फुल्या तुझ्या आहेत.

बाबा कुठे आहेत? मला गोल गोल उत्तर नकोय. बाबा कुठे आहेत?

१० मे

ठिणगी,

बाबा २९ मार्चला सकाळी गेले. तू घाईघाईने पाठवलेली प्रत दोन दिवसांनी आली.

आता सगळंच ऐक, विचारलंयस तर. पाणी सांडलं नव्हतं. दुसऱ्या फोटोवर त्यांनी १४ मार्चला हिरवी खूण केली. मी मुद्दाम लाल खडू हातात दिला होता. तो त्यांनी जमिनीवर टाकला आणि डब्याकडे बोट केलं. मी नाही समजल्यासारखं केलं, तर घशातून आवाज काढला, तुझी वहिनी धावत आली, तिने हिरवा काढून दिला. फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खूण केली. दुसऱ्याच फोटोवर, ठिणगी. अकरा वर्षं टायर चिकटवणाऱ्या बाईला दुसऱ्याच फोटोवर.

मी छत्तीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. माझ्या प्रत्येक फोटोवर आधी लाल. मग ते स्वतः उठायचे, दोन स्क्रू पिळायचे, एक वायर हलवायचे आणि मग हिरवी करायचे. म्हणजे हिरवी पडायची ती त्यांच्या हातावर. माझी गाडी जळाली नाही कधी, पण कौतुकही झालं नाही. आणि घाण काढायला मी.

हिरवी केल्यानंतर पंधरा दिवस ते रोज दुपारी दाराकडे बोट करायचे. बाहेर गाडी वाजली की मान वळवायचा प्रयत्न करायचे. मी सांगायचो, कळवलंय बाबा, ती यायला नाही म्हणते. धंदा सोडून जमणार नाही म्हणते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. नंतर नंतर बोट करणं थांबलं.

तुला पुढेही पत्रं लिहीत राहिलो. का, ते विचारू नकोस. तू फुली बघून नवीन फोटो पाठवायचीस, खालमानेने, चुका कबूल करत. मला ते आवडायला लागलं होतं.

वाटेल ते म्हण.

दादा

२० मे

दादा,

काही म्हणणार नाही. म्हणण्यासारखं बाबांना होतं, आणि त्यांना वाचा नव्हती.

परवा दुपारी मी पिकअप घेऊन आले होते. तू सामान आणायला बाजारात गेला होतास. हिरवी पडली होती, मग दारात पाऊल टाकायला मला कुणाची भीती? वहिनीने दार उघडलं आणि मला बघून भिंतीला टेकली. तिला वाटत होतं, मी खरंच नाही म्हणाले. अकरा वर्षं नाही आलीस ते समजू शकते, पण खूण झाल्यावरही नाही आलीस म्हणून तुला शिव्या घातल्या, म्हणाली. मग तुझं पत्र तिला वाचायला दिलं. ती वाचत असताना मी बाबांच्या खोलीत गेले. खाट उभी करून ठेवलीय, फरशीवर तिच्या पायांचे चार काळे डाग आहेत. खाट अशी लावली होती, की मान वळवल्याशिवाय दार दिसू नये. कुणी लावली तेही वहिनीने सांगितलं.

तू रिलेंच्या खोक्यात लपवलेला फोटो तिने काढून दिला. हिरवी खूण बघितली. शेवटाला खडू कागदाबाहेर गेलाय. आणि खडूंचा पत्र्याचा डबा दिला, हा तुझाच, म्हणाली. यापुढे ती तुझ्याशी बोलणार आहे का, ते मला माहीत नाही. मी निघाले तेव्हा ती तुझं ताट वाढत नव्हती एवढं बघितलं.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून डबा उघडला. मोडका लाल तुकडा वर होता. तळाला, कागदाच्या घडीत, एक जुना फोटो होता. जुन्या ट्रकच्या दिव्यांचं वायरिंग. कोपऱ्यात तुझा अंगठा आलाय, नख ठेचून काळं झालेलं, म्हणजे तू वीस-एकवीसचा असशील. त्यावर लाल कुठेच नाही. मधोमध एकच हिरवी खूण. मागे बाबांच्या, चांगल्या उजव्या हाताच्या अक्षरात लिहिलंय: ‘थोरल्याचं काम. हात लावावा लागला नाही. त्याला सांगू नये, सैल पडेल.’

सगळ्या खडूंखाली, इतकी वर्षं जपलेला. तुला मिळायलाच हवा असं मला वाटलं. पाकीट आणलं, त्यावर तुझा पत्ता लिहिला, तिकीट लावलं.

पण माझ्या हातून त्यावर पाणी सांडलं. खराब झाला. दुसरी प्रत असली तर पाठव.

ठिणगी